रापणीची वाळू

मालवण तालुक्यातलं तळाशील हे गाव जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी. गड नदी सह्याद्रीतून उतरून इथवर येते, समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, तरी ती सरळ त्याला भेटत नाही. वाळूच्या या पट्टीला वळसा घालत दक्षिणेकडे जाते आणि सर्जेकोटजवळ समुद्रात शिरते. पट्टीवर माड, गाबित मच्छीमारांची घरं, सुरूची झाडं आणि तोंडवळीपर्यंत लांबच लांब वाळू. दुपारी खारा वारा सुटला की ही वाळू सरपटायला लागते. कोरडे कण पायाला टोचतात, पावलांचे ठसे बघता बघता पुसले जातात. माणूस दिसत नाही. वर ओढून ठेवलेली एखादी होडी तेवढी असते.

अशा जागी पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या मनात येतं, की इथे काहीच नाही. बहुतेकांना त्याचा आनंद होतो. गर्दीच्या किनाऱ्यांना कंटाळून ते याच शोधात आलेले असतात. पण हेच वाक्य नकाशासमोर बसलेला माणूस बोलतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे याच तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सी वर्ल्ड’ नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प ठरला. गावकऱ्यांनी कसून विरोध केला आणि तो उभा राहिला नाही. कागदावर मोकळी दिसणारी जमीन तिथल्या लोकांच्या रोजच्या वापरातली होती.

तो वापर समजून घ्यायचा तर रापण बघावी. पाऊस सरून समुद्र निवळला की रापणीचे दिवस येतात. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक बरंच लांब किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसं दोराला लागतात. ओढता ओढता दोन्ही बाजू एकमेकींजवळ सरकत येतात, अर्धगोल लहान होत जातो, आणि शेवटी जाळ्याचा मधला भाग तारली, बांगडे, पेडवे घेऊन वाळूवर येतो. कधी भरून येतो, कधी जवळपास रिकामा. जे मिळेल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ओढायला हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. कोकणातल्या सहकाराचं इतकं जुनं आणि इतकं उघड्यावर चालणारं उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

या कामाला यंत्र लागत नाही, धक्का लागत नाही. लागतो तो मोकळा किनारा. वाळूवर खांब, खुर्च्या, दगड, पक्कं बांधकाम असेल तर जाळं ओढताच येत नाही. पाहुण्याला जो रिकामेपणा भावतो तो पिढ्यान्‌पिढ्या राखलेला आहे, कारण त्यावर चूल पेटते. दुपारी किनारा निवांत दिसतो, कारण काम पहाटे-सकाळी उरकलेलं असतं.

रापणीवर संकट कसं येतं, हे शेजारच्या गोव्याने फार आधी अनुभवलं. साठच्या दशकापासून तिथे यांत्रिक ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले. सत्तरच्या दशकात रापणकार संघटित झाले. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्याचं प्रमुख नाव. त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. समुद्रातल्या हद्दीचा प्रश्न निदान कायद्यात तरी आला, पण वाळू मात्र हातची गेली. कळंगुट-बागा पट्ट्यात जिथे रापण ओढली जात होती, तिथे शॅक आणि आरामखुर्च्यांच्या रांगा लागल्या. मालवणात मासळीचे थवे घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार अनेक वर्षं झगडत आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने त्या मासेमारीवर निर्बंध घातले. थवा खोल पाण्यातच घेरून नेला, तर रापणीपर्यंत मासळी पोचणार कुठून?

वाळू राखण्यात वाऱ्याचंही इथे काम आहे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे उंचवटे करतात. समुद्र शांत झाल्यावर हलक्या लाटा तीच वाळू परत आणतात. ती सुकली की वारा तिला वर ढकलतो, मर्यादवेलीच्या जाळीत ती अडकते आणि टेकडी वाढत जाते. ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. मोठं उधाण आलं की समुद्र तिच्यातूनच उचल घेतो आणि घरं वाचतात. खाडीतला वाळू उपसा वाढला, वेल उपटून टेकडी सपाट केली, तर ही देवघेव मोडते. तळाशीलला समुद्र घरांच्या दिशेने सरकतो आहे. बंधाऱ्याची मागणी आणि वाळू उपशाविरुद्धचा संताप, दोन्ही तिथे ऐकू येतात. घर धोक्यात असलेल्या माणसाने बंधारा मागितला तर त्याला दोष देता येत नाही. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीपुढची वाळू आणखी खरवडते, आणि दगडांच्या राशीवर रापण ओढता येत नाही, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून 2019 ची किनारा नियमन अधिसूचना अस्वस्थ करते. भरतीरेषेपासून अवघे 10 मीटर सोडून पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सोयी उभारायला ती वाट देते. तात्पुरत्या शॅकचं पुढे काय होतं, हे गोव्यात दिसलेलं आहे. कोणत्या वाळूवर रापण ओढली जाते याची गाववार नोंद आधी व्हावी आणि ती जागा नकाशावर मच्छीमारांच्या नावाने लागावी. परवानग्यांचा विचार त्यानंतर करावा.

तळाशीलला किंवा अशा कुठल्याही किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी गाडी रस्त्यावरच ठेवावी. वाळूत ती घालू नये. या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि चाकाखाली काय येतं ते वरून दिसत नाही. मर्यादवेल तुडवू नये. रापण लागलेली दिसली तर विचारून दोराला हात लावावा, मासळी तिथेच विकत घ्यावी. त्यासाठी सकाळी लवकर पोचायला हवं.