ओळख आणि डाग

आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या अंगाला एक जुनी तालीम आहे. पहिलवान गेले, लाल माती गेली, राहिल्या फक्त चार भिंती. ही जागा कलाकेंद्रासाठी द्यायची असे जमातीने ठरवले. चित्रकला, सुलेखन, शाहिरी, भरतकाम असे वर्ग चालवायचे आणि वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी बसायला एक हक्काची जागा करून द्यायची, एवढाच हेतू होता. वर्गणी जमली, पत्रे बदलले, भिंतींना चुना लागला, शिकवणारेही मिळाले. घोडे अडले ते पाटीपाशी. केंद्राला बोधचिन्ह हवे, लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर आणि दारावरच्या बोर्डावर एकच निशाण दिसले पाहिजे, असे शहरात शिकलेल्या आमच्या पोरांनी सुचवले. त्यावर आम्ही दोन महिने भांडलो.

पहिली सूचना आली ती हिरव्या रंगाची, चाँद-ताऱ्याची आणि दोन मिनारांची. दुसरी सूचना याच्या अगदी उलट. कुंचला आणि रंगांची थाळी काढा, खाली नुसते ‘कलाकेंद्र’ लिहा, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. वरवर पाहता हा पेंटरच्या डब्यातल्या रंगाचा वाद होता. पण आम्ही जसजसे बोलत गेलो तसतसे लक्षात आले, की वाद रंगाचा नाही. आपण कोण आहोत हे जगाला सांगणे हे आपले कर्तव्य आहे का? असेल तर ते कोणत्या शब्दांत सांगायचे, आणि ते ठरवायचे कोणी? हा नैतिक प्रश्न आहे, आणि तो आमच्या एकट्या मोहल्ल्यापुरता नाही.

आमची पोरे या सगळ्याला ‘ब्रँड’ म्हणतात. इंग्रजीतल्या या शब्दाचे मूळ जाळण्यात आहे. गुरे कोणाच्या मालकीची आहेत हे कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांच्या अंगावर खूण उमटवत, तो ब्रँड. आपल्याकडे त्याला डाग देणे म्हणतात. मराठीने येथे एक बारीक फरक जपला आहे. ओळख आपण करून देतो. डाग दुसरा देतो. ओळख देताना माणूस समोर उभा असतो, बोलत असतो. डाग देताना जनावराचे पाय बांधलेले असतात. प्रत्येक बोधचिन्हाला हा प्रश्न विचारता येतो, की ही ओळख आहे की डाग?

आधी चाँद-ताऱ्याचे पाहू. हे इस्लामचे चिन्ह आहे असे मुसलमानही मानतात आणि मुसलमानेतरही मानतात. पण कुरआनच्या दुसऱ्या सूरेत नव्या चंद्राचा उल्लेख येतो तो लोकांसाठी आणि हजसाठी कालगणनेची खूण म्हणून. चंद्र पाहून रोजे सुरू करावेत, ईद करावी. झेंड्यावर काढावा असे काही तेथे सांगितलेले नाही. चंद्रकोर तर इस्लामच्या आधी बिझान्शियमच्या नाण्यांवरही होती. उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे चाँद-तारा जगभर पसरला, आणि विसाव्या शतकात अनेक मुस्लिम देशांनी तो आपल्या झेंड्यांवर घेतला. म्हणजे जे चिन्ह आपण श्रद्धेचे समजून छातीशी धरतो, ते मुख्यतः सल्तनतीचे आणि राजकारणाचे आहे. ते वापरणे गैर नाही. पण ते न वापरल्याने कोणाचा ईमान कमी होतो, असेही नाही.

चिन्ह माणसाला किती जवळ आणते आणि किती दूर लोटते, याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. १८६४ च्या जिनिव्हा करारात युद्धातल्या जखमींची सेवा करणाऱ्यांसाठी पांढऱ्यावर तांबडा क्रूस हे चिन्ह ठरले. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केले की ते तयार होते. त्यात धर्म नाही असे म्हटले गेले. पण १८७६ मध्ये उस्मानी सरकारने कळवले, की आमच्या शिपायांच्या मनाला क्रूस खटकतो, आम्ही तांबडी चंद्रकोर वापरू. १९२९ च्या करारात चंद्रकोरीला मान्यता मिळाली आणि इराणच्या तांबड्या सिंह-सूर्यालाही. तेव्हापासून काहींना क्रूस आपला वाटला नाही, काहींना चंद्रकोर आपली वाटली नाही. शेवटी डिसेंबर २००५ मध्ये तिसरे चिन्ह स्वीकारावे लागले, टोकावर उभा तांबडा चौकोन, ज्याला तांबडा स्फटिक म्हणतात. सेवा तीच, औषध तेच, रक्तही तेच. तरी एका चिन्हावर एकमत व्हायला माणसांना जवळजवळ दीडशे वर्षे पुरली नाहीत. तेव्हा आमच्या जमातीने दोन महिने भांडावे यात नवल ते काय!

या उदाहरणाचा आधार घेऊन आमच्यातले काही जण म्हणाले, मग आपणही स्फटिकासारखे काहीतरी कोरे चिन्ह घेऊ या. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक चाचा एवढेच म्हणाले, “डरके छुपारे क्या बेटा?”

या प्रश्नाला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते, आणि तो हसून सोडून देण्यासारखाही नव्हता. १९९२-९३ च्या दंगलीनंतर दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवणारी घरे मुंबईने पाहिली आहेत. मालकाचे नाव कळू नये असे नाव दुकानाला देणे ही कित्येक कुटुंबांची रोजीरोटीची गरज झाली. दुसऱ्या बाजूने पाहा. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी आणि हातगाडीवाल्यांनी मालकाचे नाव दर्शनी लावावे असा आदेश निघाला. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. काय पदार्थ मिळतो ते सांगा, पण नाव लावण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. एकीकडे नाव लपवावे लागते, दुसरीकडे नाव लावावे लागते. दोन्हीत ‘लागते’ हाच शब्द आहे. ज्याला नाव सांगण्याचे आणि न सांगण्याचेही स्वातंत्र्य आहे, त्याचीच ओळख त्याची स्वतःची. म्हणून चाचांचा प्रश्न चिन्हाविषयी नव्हताच, तो नीयतीविषयी होता. कुंचला आणि थाळी काढायला हरकत नाही. पण ती आवडली म्हणून काढता की भीती वाटते म्हणून?

आणि हाच प्रश्न चाँद-ताऱ्यालाही विचारायला हवा. तो श्रद्धेने काढता, की शेजारच्या वस्तीतल्या पताकांना उत्तर म्हणून काढता? भीतीतून काढलेले चिन्ह आणि ईर्षेतून काढलेले चिन्ह, दोन्ही खरे तर समोरच्यानेच काढलेली असतात. हात फक्त आपला असतो.

मग तिसरी वाट आहे का? अहमदाबादची सिदी सय्यद मशीद येथे आठवते. १५७२-७३ च्या सुमाराची ही मशीद हबशी वंशाच्या एका सरदाराने बांधली. तिच्या कमानीतल्या दगडी जाळीत एक झाड कोरले आहे. फांद्या एकमेकींत गुंतत वर जातात. त्यावर चंद्र नाही, तारा नाही. १९६१ साली त्याच शहरात भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली आणि तिच्या बोधचिन्हात ही जाळी आली, खाली संस्कृत बोधवाक्यासह. मशिदीची खिडकी आणि संस्कृत वाक्य एकाच शिक्क्यात नांदू शकतात हे तेव्हा कोणाला विचित्र वाटले नाही. २०२२ साली ते चिन्ह बदलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथल्या प्राध्यापकांनीच हरकत घेतली. आपल्या हाताने केलेली वस्तू दुसऱ्यांनाही आपली वाटावी, एवढे भाग्य किती चिन्हांना लाभते?

मात्र येथेही स्वतःची फसवणूक करून चालणार नाही. त्या जाळीकडे पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की ती मशिदीची आहे? कारागिरी सगळ्यांची झाली आणि कारागीर विसरला गेला, असेही होऊ शकते. बिदरीच्या काळ्या भांड्यावरची चांदीची वेलबुट्टी, औरंगाबादची हिमरू, ही दख्खनची शान म्हणून सगळे मिरवतात; ती घडवणाऱ्या हातांची चौकशी कमीच होते. सर्वांचे होण्याची किंमत नाव पुसले जाणे ही असेल, तर चाचांची शंका पुन्हा उभी राहतेच.

आम्ही मराठी मुसलमानांनी हा प्रश्न साहित्यात आधीच सोसला आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दोन्हीकडून विचारणा झाली. मराठीत लिहिता तर वेगळे संमेलन कशाला, आणि मुसलमान आहात तर मराठी कशाला? उत्तर साधे होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिताना आपले नाव बदलले नाही आणि भाषाही बदलली नाही. बार्शीच्या अमर शेखांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने गाजवली तीही शेख हे नाव लावूनच. नाव लपवले नाही. नावाचा झेंडाही केला नाही. नावाने ते कोण ते कळले आणि कामाने ते कोणाचे ते कळले.

एवढे सगळे बोलून झाल्यावर आम्हाला आमचीच एक चूक दिसली. दोन महिने ज्या बैठकीत ही चर्चा चालली, तिच्यात एकही बाई नव्हती. भरतकामाचा वर्ग बायकाच चालवणार, मुलांइतक्याच मुली येणार, आणि निशाण ठरवणार आम्ही पुरुष! मग आपांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींना बोलावले. चाँद हवा की कुंचला हवा, असे आम्ही मोठ्या उदारपणे विचारले. त्यांनी विचारले, वर्ग मगरिबच्या आधी सुटेल का? संडास बांधणार आहात का? शेजारच्या गल्लीतल्या आमच्या मैत्रिणी आल्या तर चालेल का? पाटीवर ‘सर्वांसाठी’ असे लिहिण्याचे आमचे ठरले होते. त्या तीन प्रश्नांपुढे तो शब्द आम्हाला खोटा वाटू लागला.

पाटी म्हणजे वचन आहे, एक अमानत आहे. दुकानदाराने पाटीवर शुद्ध तूप लिहून आत डालडा विकला तर आपण त्याला बेईमान म्हणतो. मग दारावर सर्वांना बोलावून आत निम्म्यांची सोय न करणारी संस्था कोण? चिन्ह इस्लामी दिसते की नाही, यावर आम्ही रात्री जागवल्या. चिन्ह खरे आहे की नाही, हे विचारायचे राहून गेले. आणि खरे बोलण्याचा हुकूम तर कोणत्याही चंद्रकोरीपेक्षा जुना आणि स्पष्ट आहे.

आम्ही आधी संडास बांधला, मग बोर्ड रंगवला. फ्लेक्स केला नाही. गावातल्या पेंटरकडून हाताने लिहून घेतला. मोहल्ल्याचे नाव जसेच्या तसे ठेवले, वर मराठीत, खाली तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत उर्दूत. चाचांचा तेवढा आग्रह होता आणि तो रास्त होता. चाँद नाही, कुंचलाही नाही. एकावर एक तिरपे ठेवलेले दोन चौकोन आहेत, ज्यांतून आठ कोनांचा तारा होतो. हा तारा कुरआनच्या जुन्या प्रतींच्या समासात सापडतो आणि शेजारच्या घरात अष्टलक्ष्मीचा म्हणूनही ओळखला जातो. तो आम्ही कोणाकडून घेतलेला नाही आणि कोणाला देऊनही संपणार नाही.

चाचांचे पूर्ण समाधान झाले असे नाही. बोर्डाकडे पाहून ते म्हणाले, “नाम है ना अपना, बस.” नाव आहे. त्या नावाखालच्या दारातून कोण कोण आत येते आणि आल्यावर त्यांना कसे वागवले जाते, यावरच आता ती ओळख राहील की डाग होईल ते ठरेल. ते काम पेंटरचे नाही, आमचे आहे.