पाठ पाहिल्याशिवाय शेरा नको

प्रिय नातीस,


पवित्र पोर्टलवरून तुझी निवड झाली, अनुदानित माध्यमिक शाळा मिळाली, हे कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची, महिना 18,000 मानधनावर. जानेवारी 2023 च्या आधी हाच आकडा 8,000 होता. बीएड केलेल्या, परीक्षांवर परीक्षा दिलेल्या माणसाला एवढ्यात घर चालवायला सांगणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण तू विचारलं होतंस ते वेगळंच. ‘आजी, तीन वर्षांनी मला कायम करायचं की नाही, हे ठरवणार कोण आणि कशावरून?’ त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे.

आपल्या राज्यात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आहे आणि त्याखालची 1981 ची नियमावली. शिक्षकखोलीत सगळे त्याला एमईपीएस म्हणतात, पण वाचलेला फार थोड्यांनी असतो. तू आधी कलम 5 वाच. परिवीक्षेच्या काळात, म्हणजे तुझ्या या तीन वर्षांत, काम किंवा वर्तणूक समाधानकारक नसेल, तर संस्था एक महिन्याची नोटीस देऊन सेवा संपवू शकते. हे वाचून पोटात गोळा येतो. म्हणून लगेच नियम 15 काढ. त्याच्या सहाव्या पोटनियमात म्हटलं आहे की, परिवीक्षेवरच्या कर्मचाऱ्याच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकाने त्या काळातच करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. ‘समाधानकारक नाही’ हे नुसतं वाटून चालत नाही. ते कुठे, केव्हा, कशात दिसलं, याचा कागद लागतो.

हा नियम मी कशी शिकले, ते सांगते. मुख्याध्यापिका होऊन मला दोनच वर्षं झाली होती. आमच्याकडे गणिताचा एक तरुण शिक्षक परिवीक्षेवर होता. संस्थेतल्या कोणाशी तरी त्याचं बिनसलं आणि मला सांगण्यात आलं, याचा अहवाल द्या. मी त्याच्या वर्गात एकदाही बसले नव्हते. त्याचं टाचण पाहिलं नव्हतं, मुलांच्या वह्या मागवल्या नव्हत्या. तरी एका संध्याकाळी ‘अध्यापन असमाधानकारक’ असं लिहून सही केली. तो शाळा न्यायाधिकरणात गेला. कलम 9 प्रमाणे 30 दिवसांच्या आत अपील करता येतं, हे त्याला माहीत होतं. तिथे मला एकच प्रश्न विचारला गेला: पाठनिरीक्षणाच्या नोंदी कुठे आहेत? माझ्याकडे एकही नव्हती. तो परत रुजू झाला. पण मधली दोन वर्षं त्याच्या घरात पगार नव्हता आणि ती माझ्या सहीमुळे गेली. त्याची मी माफी मागितली. त्याने चहा पाजला, विषय काढला नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येकाचे पाठ पाहिले, तास संपल्यावर समोरासमोर बोलले आणि जे लिहिलं ते त्यालाच आधी दाखवलं. गोपनीय अहवाल म्हणजे माणसापासून चोरून ठेवायची वस्तू नव्हे. प्रतिकूल शेरा त्याला लेखी कळवावा लागतो, त्यावर त्याला म्हणणं मांडता येतं. तू कायम झाल्यावर कधी चौकशीची वेळ आलीच, तर समितीत तीन जण असतात: एक संस्थेचा, एक तू निवडलेला कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांमधला. आपल्याच पेशातली माणसं तिथे बसावीत, ही या नियमावलीतली मला सर्वात आवडणारी तरतूद आहे.

आता पैशांचं. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, हे तू ऐकलं असशील. 2017 मध्ये शासनाने त्याला अट जोडली: शाळा सिद्धी या मूल्यांकनात शाळा ए श्रेणीत हवी आणि नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. आपल्या बीडकडच्या शाळा आठव. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. तिथे पन्नास टक्के मुलं पास करणाऱ्या शिक्षकाने शहरातल्या नव्वद टक्केवाल्यापेक्षा जास्त घाम गाळलेला असतो. ती अट चुकीचीच होती. 2019 मध्ये ती मागे घेतली, पण मधल्या काळात कितीतरी जणांची हक्काची वाढ लटकली. शिक्षकाचं मूल्यमापन व्हायलाच हवं, आळशी शिक्षकाला पाठीशी घालणाऱ्यातली मी नाही. पण ते वर्गात बसून व्हावं, तक्त्यावरून नाही.

पेन्शनचा विषय घरात निघाला की तुझा मामा अजून तापतो. 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख एका शिक्षकखोलीचे दोन भाग करून गेली. आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांच्या पगारातून दहा टक्के कपात. मार्च 2023 मध्ये 14 ते 20 तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, तेव्हा मी निवृत्त असूनही त्याच्याबरोबर मोर्चात चालले. ज्यांना म्हातारपणाची काळजी नाही त्यांनीच दुसऱ्यांसाठी बोलायचं असतं, असं मला वाटतं. तू नियमित झालीस की आधी पेन्शन खात्याचा प्रान क्रमांक घे आणि कापलेली रक्कम दरवर्षी खात्यावर जमा झाली का, ते स्वतः ताडून बघ. वैयक्तिक मान्यतेचा आदेश आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घरी ठेव. वेतनपथकात फाइल अडकली की तोंडी बोलू नको, अर्ज दे आणि पोच घे.

आणि एक कर. पहिल्या सत्रात कोणी तुझा पाठ पाहायला आलं नाही, तर दिवाळीच्या सुट्टीआधी तूच मुख्याध्यापकांना लेखी विनंती कर: माझा तास पाहावा आणि शेरा लिहून द्यावा.

तुझी,
आजी