आग्रह आणि अनुज्ञा

मनुष्य आपल्या आयुष्यांत जे निर्णय घेतो, त्यांतील बहुतेक फिरवितां येतात. पतकरलेली नोकरी सोडतां येते, बांधलेलें घर विकतां येतें, इतकेंच काय, मोडलेला स्नेहहि पुन्हां जुळवितां येतो. परंतु कांहीं निर्णय असे असतात कीं, ते एकदां अंमलांत आले म्हणजे परतीची वाट उरत नाहीं. अतिस्थूल मनुष्यानें वजन उतरविण्याकरितां जठरावर कायमची शस्त्रक्रिया करून घेणें हा असाच एक निर्णय होय. तो घेणारा डॉक्टरांशीं बोलून निश्चिंत होतो. त्याची खरी परीक्षा पुढें घरीं होते. आई डोळ्यांस पदर लावते, वडील अबोला धरतात, आणि मामा 'हें खूळ तुझ्या डोक्यांत कोणीं भरविलें?' असें विचारतात. असा मनुष्य आपल्या आप्तांचें नेमकें काय देणें लागतो? हा प्रश्न वैद्यकाचा नसून नीतीचा आहे, आणि त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन या शल्यवैद्यानें १९६६ सालीं जठराचा लहानसा भाग वेगळा करून त्यास आंतडें जोडण्याची जी रीति आरंभिली, तिच्यापासून आजची 'गॅस्ट्रिक बायपास' निघाली. दुसरी रीति 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी'ची. हिच्यांत जठराचा सुमारें पाऊण ते चारपंचमांश भाग कापून शरीराबाहेर काढितात, व मागें केळ्याच्या आकाराचें एक अरुंद नळकांडें उरतें. बायपास क्वचित् प्रसंगीं, मोठ्या सायासानें, उलटवितां येते. काढून टाकलेलें जठर मात्र पुन्हां लावतां येत नाहीं. दोहोंपैकीं कोणतीहि केली तरी जेवण अगदीं थोडें होतें, तें सावकाश चावून खावें लागतें, आणि जीवनसत्त्वें, लोह, कॅल्शिअम यांच्या गोळ्या व रक्ताच्या तपासण्या जन्मभर पाठीस लागतात.

यावर आप्तांचा पहिला आक्षेप असा कीं, 'जिभेला आवर घाल म्हणजे झालें, सुरी कशाला?' या आक्षेपाच्या मुळाशीं स्थूलता म्हणजे आळस व खादाडपणा यांचा चारचौघांसमोर मांडलेला हिशेब, अशी समजूत आहे. आपले पूर्वज या बाबतींत अधिक सावध होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंदित शरीरांमध्यें अतिस्थूलाची गणना केली आहे खरी. पण कारणें सांगतांना अतिभोजन व दिवसाची झोंप यांच्या पंक्तीसच बीजस्वभावाला, म्हणजे जन्मतः आलेल्या वारशाला, बसविलें आहे. आधुनिक शास्त्रानें हीच गोष्ट अधिक खोल नेली. शरीरांतील चरबी मेंदूला आपल्या सांठ्याची वर्दी देते, हें १९९४ सालीं लेप्टिनच्या शोधानें कळलें; जठर भुकेची हांक घालतें, हें १९९९ सालीं घ्रेलिनच्या शोधानें कळलें. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरविण्याच्या एका स्पर्धेंतील चौदा जणांची सहा वर्षांनीं तपासणी झाली. तिचा अहवाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेकांचें वजन बऱ्याच अंशीं परत आलें होतें, आणि तरीहि त्यांचीं शरीरें विश्रांतींत अपेक्षेपेक्षां रोज सुमारें ५०० कॅलरी कमी जाळीत होतीं. म्हणजे हा मनुष्य केवळ जिभेशीं झुंजत नसतो; आपला सांठा राखण्यास टपलेल्या सबंध देहाशीं झुंजत असतो. शस्त्रक्रिया ही संयमाची जागा घेत नाहीं. ती संयमाला उभें राहण्यास पायाखालीं जमीन देते, एवढेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, 'तूं कांहीं एवढा जाड नाहींस. धडधाकट अवयव कापणें हें पाप आहे.' येथें आपल्या लोकांचा डोळा फसतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचें व एका इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र छापलें होतें. उंचीच्या मानानें वजन दाखविणारा शरीरभारांक दोघांचाहि २२.३, परंतु इंग्रजाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. आपल्याकडे मधुमेहासारखे विकार कमी वजनावरच कां गांठतात, याचा उलगडा यांत आहे. म्हणूनच २०२२ सालीं शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं या शस्त्रक्रियेची मर्यादा सर्वसाधारणपणें शरीरभारांक ३५ अशी ठरवितांना आशियाई लोकांकरितां ती २७.५ इतकी खालीं आणली. आतां धडधाकट अवयवाविषयीं. आपल्या मुलाला मूत्रपिंड देणाऱ्या मातेस आपण नमस्कार करितों. तेथेंहि निरोगी अवयवच कापला जातो. तेव्हां प्रश्न अवयवाचा नसून प्रयोजनाचा आहे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या दीर्घ पाहणींत शस्त्रक्रिया झालेले व न झालेले असे प्रत्येकीं सुमारें दोन हजार लोक होते. २००७ सालच्या अहवालाप्रमाणें बायपास झालेल्यांचें वजन दहा वर्षांनींहि सुमारें २५ टक्क्यांनीं कमी राहिलें होतें, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटांत मृत्यूचें प्रमाण सुमारें एकचतुर्थांशानें कमी होतें. प्रयोजन क्षुद्र आहे असें यावरून म्हणवत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'उद्यां पश्चात्ताप झाला तर?' याचें उत्तर हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. शस्त्रक्रियेंत धोका थोडा असला तरी आहे. कांहींचें वजन पुन्हां वाढतें. मद्याचें व्यसन जडण्याची भीति बायपासनंतर वाढते. शिवाय सेमाग्लुटाइडसारखीं औषधें आतां निघालीं आहेत, तेव्हां थोडें थांबावें असें कोणी सुचविलें तर तें मूर्खपणाचें नव्हे. मात्र तें औषध थांबविल्यानंतर वर्षभरांत उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला, असें २०२२ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें, हेंहि त्याच दमांत सांगितलें पाहिजे. आणि एक गोष्ट आप्त नेहमीं विसरतात. निर्णय न घेणें हाहि निर्णयच असतो, आणि तोहि परत फिरवितां येत नाहीं. मधुमेहानें गेलेली दृष्टि, झिजलेले गुडघे, मुलांबरोबर न खेळलेलीं वर्षें यांना परतीचें तिकीट नसतें. फरक एवढाच कीं, सुरीनें होणारी हानि एका ठरलेल्या दिवशीं होते, म्हणून ती डोळ्यांत भरते. दिरंगाईनें होणारी हानि रोज थोडथोडी होते, म्हणून तिला कोणी नांव ठेवीत नाहीं.

इतकें सांगूनहि घरचीं माणसें तशींच अस्वस्थ राहतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याचें कारण असें कीं, त्यांचा खरा आक्षेप या तिहींपैकीं एकहि नसतो. महाराष्ट्रीय घरांत माया बोलून दाखविण्याची चाल नाहीं. ती वाढण्याची आहे. रुसवा गेला हें दाखवावयाचें तर आई ताटांत न मागतां तूप सोडते. जांवयाच्या पानांत आग्रहाची जिलबी पडते, आणि परगांवीं निघालेल्या मुलाला 'आणखी एक पोळी घे' याखेरीज दुसरा आशीर्वाद तिला सुचत नाहीं. ज्याचें जठर मूठभर उरणार, तो या साऱ्याला जन्मभर 'नको' म्हणणार. 'हें करूं नकोस' असें ती जेव्हां म्हणते, तेव्हां तिला म्हणावयाचें असतें कीं, 'मग मीं माझी माया कशांत वाढावी?' या प्रश्नाला टक्केवारीचें उत्तर म्हणजे भुकेल्याला भाकरीऐवजीं पाकशास्त्राचें पुस्तक देणें होय. याचें उत्तर असें आहे कीं, 'शस्त्रक्रियेनंतर पहिले कांहीं दिवस मला वरणाचें पाणी व ताक लागेल. तें तुझ्या हातचें दे. पुढें चार घांस खाईन, पण पानावर तुझ्याशेजारीं बसूनच खाईन.' आग्रहाचें प्रमाण घटलें म्हणून आग्रह करणारीचें स्थान घटत नाहीं, हें तिला कळलें पाहिजे. आणि तें कळविणें हें मुलाचेंच काम आहे.

मग आप्तांची अनुज्ञा घ्यावी काय? येथें दोन गोष्टींची गल्लत होते. खुलासा देणें निराळें आणि परवानगी मागणें निराळें. खुलासा हें प्रेमाचें देणें आहे. परवानगी हा मालकीचा प्रश्न आहे, आणि सज्ञान मनुष्याच्या देहाची मालकी कोणाहि नातलगाकडे नाहीं. तथापि सर्व नातलग एका मापानें मोजणें न्याय्य होणार नाहीं. निर्णयाचा भार ज्यानें जितका वाहावयाचा, तितका त्याचा विचारला जाण्याचा हक्क. रुग्णालयांत उशाशीं बसणारी, पुढें दोन चुली सांभाळणारी पत्नी, किंवा अशा स्त्रीचा पति, यांच्याशीं निर्णयापूर्वीं मोकळेपणानें बोलणें, धोक्यासकट सारें सांगणें, हें कर्तव्यच होय. आईवडिलांना निर्णयानंतर का होईना, पण इतरांकडून कळण्याआधीं, कळलें पाहिजे. दिवाळींत एकदां भेटणाऱ्या मामांना मात्र 'होय, विचार करून ठरविलें आहे' एवढें सौम्य उत्तर पुरे. प्रत्येक शंकेखोरापुढें आपली जुनी उपासमार, फसलेले उपाय व लाज यांची यादी वाचणें हा खुलासा नव्हे. ती आरोपीची जबानी झाली, आणि जेथें गुन्हा नाहीं तेथें जबानी कसली?

आप्तांचेंहि एक कर्तव्य आहे. शंका विचाराव्या, एकदां नव्हे दहादां विचाराव्या. परंतु दिवस ठरल्यावर शंका आवराव्या व रुग्णालयांत डबा कोणीं न्यावयाचा तें ठरवावें. निर्णय चुकला असें पुढें ठरलें तरी 'आम्ही सांगत होतों' या तीन शब्दांनीं कोणाचें जठर पूर्ववत् होत नाहीं, घर मात्र मोडतें. मतभेद असूनहि सोबत करतां येते. किंबहुना मतभेद असतांना केलेली सोबत हीच खरी. आपल्याला पटलें म्हणून बरोबर चालणारे पुष्कळ भेटतात; न पटतांहि जो हात धरून दारापर्यंत येतो, त्यालाच आपल्या भाषेंत आप्त म्हणावें.