पोटगी आणि वाटणी

घटस्फोटाच्या एखाद्या खटल्यात काही कोटींची पोटगी मंजूर झाली की चर्चेचा सगळा भर आकड्यावर पडतो आणि ही रक्कम नेमकी कशाबद्दल द्यायची, हा मूळ प्रश्न मागे राहतो. ‘पोटगी’ हा शब्द पोटाशी बांधलेला आहे. एकत्र कुटुंबातील विधवेच्या अन्नवस्त्राप्रमाणेच, मालमत्तेत जिला वाटा नाही तिची निदान उपासमार होऊ नये, एवढीच कल्पना त्यामागे आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 पासून सध्याच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 144 पर्यंत ती कायम असून, शाहबानो खटल्याचा 1985 मधील निकाल आणि हमीद दलवाई यांच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने पोटगीसाठी त्याआधीपासून चालवलेला लढा हेही अखेर निर्वाहासाठीच होते.

पोटगीला दोषी जोडीदाराचा दंड समजणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही, कारण दंड दोषाच्या प्रमाणात ठरतो, पगाराच्या नव्हे. शिकलेल्या, कमावू शकणाऱ्या स्त्रीने पोटगी मागावीच का, हा आक्षेप मात्र वरकरणी समतेची भाषा बोलतो आणि म्हणूनच तो अधिक दिशाभूल करतो. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बन्ना या 2017 मधील प्रकरणात सांगितले आहे. परंतु आक्षेपाचे खरे वैगुण्य असे की तो स्त्रीची पदवी पाहतो, मधली वर्षे पाहत नाही. एखादी बी.एड. झालेली शिक्षिका पतीच्या बदलीमुळे नोकरी सोडते आणि दहा-बारा वर्षे मुलांच्या शाळा, सासूचे दवाखाने आणि घरचे डबे यांत घालवते, तेव्हा तिची पदवी शाबूत राहते. सेवाज्येष्ठता, वेतनवाढी आणि भविष्य निर्वाह निधी मात्र हातचे गेलेले असतात. नोकरी तिने स्वखुशीने सोडली, या उत्तराने काही साधत नाही, कारण निर्णय दोघांचा म्हटला तरी त्याची बढती एकाच्या नावावर आणि खंड दुसरीच्या नावावर जमा झालेला असतो. विवाह अल्पकाळ टिकला, मूल नाही आणि दोघांची कमाई अखंड राहिली, अशा ठिकाणी आक्षेप रास्त आहे. पण तो मांडला जातो तो बहुधा अशा जोडप्यांपुरता नव्हे.

येथे निर्वाह आणि वाटणी यांतील भेद अपरिहार्य ठरतो. निर्वाह म्हणजे पुढच्या गरजेची सोय, तर वाटणी म्हणजे दोघांच्या श्रमांतून मागे जे उभे राहिले त्यातील हिस्सा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 25 कायम पोटगीची तरतूद करते, आणि ती पतीलाही मागता येते; मालमत्तेबाबतचे कलम 27 मात्र विवाहाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतेच बोलते, त्यामुळे संसाराच्या काळात एकाच्या नावावर घेतलेले घर या कलमाच्या कक्षेबाहेर राहते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहपूर्व करारात वेगळे ठरले नसेल तर मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घटस्फोटानंतर निम्मी-निम्मी होते (तिचा कारभार संहितेने पतीकडे सोपवला, हा दोष लपवण्याजोगा नाही). उर्वरित भारतात हिंदू जोडप्यांच्या बाबतीत वाटणीचा सारा भार पोटगीवर पडतो आणि मग पोटासाठी एवढे कोटी कशाला, असा उपहास होतो. संपत्तीची बरोबरी साधणे हे पोटगीचे काम नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाचे डिसेंबर 2024 मधील म्हणणे निर्वाहापुरते बिनचूक आहे, परंतु वाटणी मागायची कोणत्या कलमाखाली, हे त्यातून कळत नाही.

कलम 25 च्या तिसऱ्या पोटकलमानुसार पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास आदेश बदलता किंवा रद्द करता येतो. गरज संपली असे मानले तर ते तर्कसंगत आहे. परंतु त्या शिक्षिकेच्या दरमहाच्या रकमेत मागच्या बारा वर्षांच्या हिश्श्याचा अंशही असेल, तर तिच्या दुसऱ्या लग्नाने तो का बुडावा, याचे उत्तर या पोटकलमात नाही.