पाठीशी भिंत

घरात नवा कॉकाटील आला की मुलं पिंजऱ्याभोवती कोंडाळं करतात आणि तो बिचारा अंग चोरून कोपऱ्यात बसतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पोपट.

रानात शिकारी पक्ष्याची झडप वरून येते. त्यामुळे डोक्यावरून आलेला मायेचा हातही त्याला ससाण्यासारखा वाटतो. हात नेहमी समोरून, छातीच्या खालून, सावकाश न्यावा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकवा. चहूकडून उघडं बसणं त्याला सोसत नाही. रात्री काळोखात दचकून हे पक्षी पंख आपटत सुटतात, जखमीही होतात. म्हणून जवळ एक मिणमिणता दिवा असू द्या.

राळ्याचं कणीस गजांपाशी धरा आणि पक्ष्याच्या डोक्यावरच्या तुऱ्याकडे बघा. तुरा ताठ उभा राहिला तर तिथेच थांबा. चोच पुढे येईल, पुन्हा मागे जाईल. येऊ द्या, जाऊ द्या. किती दिवस लागतील ते त्यालाच ठरवू द्या. तोवर रोज ठरल्या वेळी, हळू आवाजात, त्याच्याशी बोलत राहा.