पाकिटावरची अहिंसा

सेंद्रिय आणि व्हीगन म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात हिंसा उरते का, आणि उरत असेल तर नेमकी कुठे, हा प्रश्न आमच्या घरात जैनांच्या दशलक्षण पर्वात निघाला. थोरली सून पुण्याहून आली होती. ती दूध, तूप, दही काहीच घेत नाही. तिने एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आई, यात अंडं नाही, दूध नाही, मध नाही. पीठसुद्धा सेंद्रिय आहे. आपल्या धर्माला याहून निर्दोष काय हवं?"

मी शिरोळ तालुक्यातल्या ऊस पिकवणाऱ्या दिगंबर जैन घरात वाढले आणि पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे पाकिटामागची बारीक अक्षरातली यादी मला वाचता येते आणि अमृतचंद्राचार्यांचा 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'ही स्वाध्यायात वाचलेला आहे. सुनेने मनापासून विचारलं होतं. तिला दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडते आहे.

पाकिटावरच्या खुणांना मी कमी लेखत नाही. त्यांच्यामागे कायदा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्या ओळखीचा हिरवा ठिपका 'शाकाहारी' एवढंच सांगतो. कायद्याने मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या केली, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख या गोष्टी वगळल्या. म्हणून मध घातलेल्या केकवर हिरवा ठिपका असू शकतो. चकाकी येण्यासाठी शेलॅक, म्हणजे आयएनएस ९०४, लावलेल्या सजावटीच्या गोळ्यांवरही असू शकतो. लाख काढताना किडे मरतात हे आपण जाणतो. मध तर आमच्या श्रावकाचाराने, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांनी, मद्य आणि मांस यांच्याच रांगेत बसवलेला आहे. २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम आले, ते यापुढे गेले. त्यांनुसार घटकच नव्हे, तर मिश्रकं, स्वाद, विकरं आणि प्रक्रियेत वापरलेली साहाय्यक द्रव्यंही प्राणिज असता कामा नयेत, शिवाय प्राण्यांवर चाचणीही केलेली नसावी. सेंद्रिय मालासाठी २०१७चे नियम आणि 'जैविक भारत'ची खूण आहे. हे सगळं कुणीतरी कष्टाने उभं केलं आहे, आणि त्यामुळेच सुनेला दुकानात उभ्याउभ्या निवड करता आली.

आता यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली तीन-चार नावं पाहिली की पदार्थाचं खरं रूप कळतं. त्या पाकिटावर क्रम होता तो असा: गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, ओट्स. पुढे थोडं जवस, सोयाचं लेसिथिन, खाण्याचा सोडा, मीठ, स्वाद. पाकिटाच्या तोंडावर मात्र ओट्स आणि जवसाची चित्रं होती. यादीत मागे असलेला घटक पुढे चित्रात आला की मी यादीवर विश्वास ठेवते.

पाम तेल तिथे का येतं, हे बेकरीच्या रसायनाशी बांधलेलं आहे. बिस्किट खुसखुशीत व्हायला खोलीच्या तापमानाला अर्धवट घट्ट राहणारी चरबी लागते. ती पिठाच्या कणांभोवती पसरते आणि ग्लूटेनचे लांब धागे होऊ देत नाही. हे काम पूर्वी लोणी किंवा तूप करायचं. मग वनस्पती तूप आलं. पण तेल अर्धवट हायड्रोजनीकृत करताना तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरले आणि आपल्याकडे २०२२पासून त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. लोणी सोडलं आणि वनस्पतीही गेलं, की कारखान्याला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ पर्याय उरतो तो पाम तेलाचा. ते झाडाच्या फळातून निघतं, त्यात प्राण्याचा अंशही नाही. पण सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरची वर्षावनं तोडून त्याच्या लागवडी वाढल्या, आणि त्या वनांबरोबर ओरांगउटानांचं घर गेलं. पाम तेलाची आयात करणाऱ्या देशांत भारत सर्वांत पुढे आहे. म्हणजे दुधाचा थेंबही नसलेल्या बिस्किटामागे हजारो जिवांचा निवारा मोडलेला असू शकतो, आणि व्हीगनची खूण त्याबद्दल काही सांगत नाही, कारण तिला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

सेंद्रिय या शब्दाकडे मी शेतकऱ्याच्या मुलीच्या नजरेने पाहते. आमच्या भागात ऊस, भरपूर पाणी आणि रासायनिक खत यांनी पुष्कळ जमीन क्षारपड केली. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, उरलेल्या जमिनीत गांडुळं परत यावीत म्हणून शेवटच्या वर्षांत जीवामृत सुरू केलं. जीवामृतात शेण असतं, गोमूत्र असतं, गूळ आणि बेसन असतं. किडीसाठी ते निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क फवारायचे. त्या अर्कानेही अळी मरते. सेंद्रिय शेतीत काही मरत नाही, असं म्हणणारा माणूस बांधावर उभा राहिलेला नाही. आणि सुनेने दूध सोडलं ते गाईवरच्या अन्यायासाठी, पण त्याच पाकिटातला सेंद्रिय गहू शेणखतावर वाढला असण्याची शक्यता मोठी आहे. दोन खुणा एकाच पाकिटावर शेजारी छापता येतात, शेतात मात्र त्यांचा हिशेब इतका सरळ जुळत नाही.

मग करायचं काय? काहीच निर्दोष नाही, तर सगळं सारखंच, असं म्हणून सोडून द्यायचं? आमच्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. गृहस्थाच्या हिंसेचे तिने चार प्रकार केले: मुद्दाम ठरवून केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन टळत नाहीत, त्या जाणून घ्यायच्या आणि कमी करत जायच्या. नांगर धरणाऱ्या आमच्या घरांना याच विचाराने धर्मात जागा दिली.

अमृतचंद्राचार्य आणखी खोल जातात. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: राग-द्वेषासारखे विकार मनात उठणं हीच हिंसा, ते न उठणं ही अहिंसा. बेसावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव मेला किंवा वाचला, तरी हिंसा त्याच्या पुढ्यात आहेच. सावध माणसाच्या हातून नकळत जीव गेला, तरी केवळ तेवढ्याने तो हिंसक ठरत नाही. यावर कुणी म्हणेल, दोष भावात असेल तर वस्तू कशाला सोडायच्या? शुद्ध मनाने काहीही खावं. या पळवाटेचा आचार्यांनी तिथेच बंदोबस्त केला आहे. बाहेरच्या वस्तूमुळे सूक्ष्म हिंसाही लागत नाही, हे खरं, पण परिणाम, म्हणजे मनाचे भाव, निर्मळ राहावेत म्हणून हिंसेची ठिकाणं सोडलीच पाहिजेत, असं ते सांगतात. मला हे संतुलन फार मोलाचं वाटतं. वस्तू सोडणं हे मन सावध ठेवण्याचं साधन आहे. ते साधन हातात आल्यावर सावधपणाच संपला, तर सोडण्याचं फळ मिळालं नाही.

पाकिटाची अडचण इथे आहे. 'यात हे नाही, ते नाही' अशी यादी वाचून मन निश्चिंत होतं, आणि निश्चिंत झालेलं मन पुढचं विचारत नाही. साखर किती आहे, हे विचारत नाही. सेंद्रिय साखरही साखरच असते. पाव कशाने फुगवला, पीठ कशाने सुधारलं, हेही विचारत नाही. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने पाव, बन, पिझ्झा-ब्रेड अशा ३८ नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. ब्रोमेट हे खनिज द्रव्य, त्यात प्राणिज काहीच नाही. पण खाणाऱ्याच्या शरीराशी केलेला बेफिकीरपणा हीसुद्धा हिंसा आहे. खाणाराही जीवच आहे. म्हणून पदार्थाचा दर्जा हा माझ्या मते धर्माच्या बाहेरचा विषय नाही.

आमच्या घरात पिठालाही मर्यादा असते. दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस वापरायचं, मग नाही. ओल आणि उष्णता वाढली की पिठात जीव लवकर पडतात, हे निरीक्षण त्यामागे आहे. रसायनशास्त्र शिकल्यावर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. गव्हाच्या अंकुरात तेल असतं, ते हवेने खवट होतं. पीठ ताजं ठेवायचं तर थोडं दळावं लागतं. सहा महिने टिकायला हवं असलेल्या बिस्किटाला मात्र मैदा, जास्त साखर आणि न बिघडणारं तेल लागतं. त्यातले बहुतेक दोष या टिकण्याच्या अटीतून येतात. पाकिटावरची तारीख पदार्थ कधी बिघडेल ते सांगते. मर्यादा आपल्याला थोडं करायला आणि वेळेवर संपवायला शिकवते.

शुद्धतेचा हा विचार करताना एका धोक्याचं भान मला सतत ठेवावं लागतं. 'कुणी केलं' हा प्रश्न आपल्या समाजाने फार क्रूरपणे विचारला आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं छापली गेली आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं. त्या बिस्किटात काय होतं, हे महत्त्वाचं नव्हतं, देणारा हात कुणाचा होता एवढंच पाहिलं गेलं. अशी शुद्धी माणसाला दूर लोटते आणि दूर लोटण्यात द्वेष आहे, म्हणून आचार्यांच्याच कसोटीवर ती हिंसा ठरते. 'कुणी केलं' हे विचारायचं असेल तर आज ते वेगळ्या कारणाने विचारावं. भट्टीसमोर रात्रभर उभं राहणाऱ्या कारागिराला पुरेशी मजुरी मिळते का? त्याच्या छातीत धूर जातो का? त्याला सुट्टी आहे का? हिरवी पानं आणि गोड अक्षरं छापलेल्या पाकिटावर त्याच्यासाठी खूण नाही. माझ्या धर्मात असायला हवी.

मुनिमहाराज गावात आले की घरोघरी चौका, म्हणजे त्यांच्या आहारासाठीचा शुद्ध स्वयंपाक, लागतो. पाणी गाळायचं, धान्य निवडायचं, पीठ त्याच दिवशी दळायचं. महाराज दारी आले की आहार देणारा समोर उभा राहून आपल्या तोंडाने सांगतो की मन, वचन, काया शुद्ध आहेत आणि आहार-जलही शुद्ध आहे. लहानपणी आज्जीच्या मागे उभी राहून मी हे ऐकायची. ज्याने निवडलं, दळलं, शिजवलं, तोच ग्वाही देतो, आणि ग्वाहीची सुरुवात पदार्थापासून न करता स्वतःच्या मनापासून करतो. बाजारात ही ग्वाही दुसऱ्यावर सोपवावी लागते, त्याला इलाज नाही. कारखाना दूर आहे, गहू कुठल्या शेतातला ते आपण पाहिलेलं नाही. प्रमाणपत्र हा या अंतरावर काढलेला प्रामाणिक उपाय आहे. पण ते प्रमाणपत्र कारखान्याचं असतं. माझ्या खाण्याची ग्वाही मलाच द्यावी लागते.

म्हणून सुनेला मी सांगितलं, तू दूध सोडलंस यात खरी करुणा आहे, आणि त्या बाबतीत तू आमच्या कित्येक श्रावकांच्या पुढे आहेस. देवाला दुधाचा अभिषेक करताना गोठ्यातल्या वासराचं काय होतं, हे तू आम्हाला विचारायला लावलंस. पण तुझ्या करुणेला गाईपाशी थांबवू नकोस. तिला ओरांगउटानापर्यंत जाऊ दे, गांडुळापर्यंत आणि भट्टीवरच्या माणसापर्यंत जाऊ दे. सगळीकडे एकदम पोचता येणार नाही. जिथे पोचता येईल तिथे संकल्पी हिंसा सोडायची, आणि जिथे येणार नाही तिथलं नाव तरी माहीत असू द्यायचं.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. पाकीट घ्यायचं तेव्हा मागची यादी वाचायची. पाम तेल कुठून येतं, हे कंपनीला पत्राने विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत ते पाकीट घ्यायचं नाही. दिवाळीआधी सांगलीत लोक मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. तसंच आम्ही खपली गव्हाचं ताजं पीठ, गूळ आणि लाकडी घाण्याचं शेंगतेल घेऊन जायचं ठरवलं. शेंगतेल पातळ, म्हणून ही बिस्किटं दुकानातल्यासारखी खुसखुशीत होणार नाहीत आणि आठवड्याच्या पुढे टिकणार नाहीत, हे मी तिला आधीच सांगितलं. थोडीच करायची, शेजारी वाटायची आणि भाजणाऱ्याला त्याचा दर न घासता द्यायचा. यात काय आहे असं कुणी विचारलं, तर प्रत्येक घटकाबद्दल आम्हा दोघींपैकी कुणालाही उत्तर देता आलं पाहिजे, एवढी अट आम्ही स्वतःला घालून घेतली आहे.