फुगडीतली समता घरापर्यंत येते का?

आमची दिंडी फलटण तालुक्यातली. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण आमच्याच भागात, चांदोबाच्या लिंबाला होतं. दुतर्फा पताकाधारी उभे राहतात. मधल्या वाटेनं स्वाराचा अश्व धावतो आणि माउलींचाही. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. तो गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावतात. मग पावली, मनोरे, हुतूतू आणि आम्हा बायकांच्या फुगड्या.

फुगडीत हातांची अढी घालायची, पावलं जुळवायची आणि मागं झुकायचं. आपला सगळा भार समोरचीच्या हातात. वेग धरला की आजूबाजूचं सगळं फिरतं, स्थिर दिसतो तो फक्त तिचा चेहरा. अंग राखून खेळणारीची फुगडी रंगत नाही आणि एकीनं हात सोडला तर दोघी आपटतात. आमच्या दिंडीत एक डॉक्टरीणबाई आणि एक ऊसतोडणीला जाणारी बाई अशाच घुमल्या. थांबल्यावर दोघी एकमेकींच्या पाया पडल्या.

अहंकार सोडा, हे मी कीर्तनांत जन्मभर ऐकत आले. फुगडीत तो सोडावाच लागतो, नाहीतर तोल जातो. संतांनी हे ओळखलं होतं. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, टिपऱ्या, विटीदांडू अशा खेळांवर अभंग आहेत ते उगीच नाहीत.

तरी एक गोष्ट मला छळते. चोखोबा विठ्ठलाचे लाडके, पण जातीमुळे त्यांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीसुद्धा महाद्वारासमोर, बाहेरच आहे. पिढ्यान् पिढ्या वारकरी वाळवंटात एकत्र नाचले, खेळले आणि दार मात्र बंदच राहिलं. ते उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे खेळ खोटा होता का? मला तसं वाटत नाही. समता कशी असते याचा अनुभव खेळानं दिला, अंगाला दिला. तो रिंगणाबाहेर न्यायचं काम माणसांचं होतं, ते माणसांनी टाळलं. आजही टाळतो.

म्हणून यंदा रिंगण पाहायला याल तर मोबाईल खिशात ठेवा आणि अनोळखी माणसाचा हात धरा. आणि दिंडीत जिच्याशी फुगडी घातलीत, ती दारी आली तर तिला चहा कोणत्या कपातून देता, तेही एकदा बघा.